शेपटा, कात्री आणि शंभर वर्षांपूर्वीच्या पोरी

(आमच्या गावच्या वाचनालयात महिला वाचक मंडळासमोर दिलेलं व्याख्यान. रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढलंय, मध्येमध्ये थोडं सारखं केलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

नमस्कार. मागच्या खुर्च्यांपर्यंत आवाज पोचतोय ना? पोचतोय. बरं.

इथल्या निम्म्या जणी मला ओळखताच. बावीस वर्षं झाली पार्लर चालवतेय. मंडळाच्या बाईंनी बोलायला बोलावलं तेव्हा त्यांच्या मनात उन्हाळ्यात त्वचेची काळजी असा काहीतरी विषय होता, पण मी म्हटलं बाई, मला एकदा फ्लॅपर्सबद्दल, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी तिकडं केस कापणाऱ्या त्या पोरींबद्दल, बोलू द्या. गेली चार-पाच वर्षं मी त्यांच्याबद्दल हाताला लागेल ते वाचतेय, जुने फोटो बघत बसते, आणि दरवेळी ऊर भरून येतो, ते कुणाला तरी सांगायचंच होतं.

आधी माझ्या खुर्चीतली गोष्ट सांगते. गेल्या मे महिन्यात एक मुलगी आली, अकरावीची परीक्षा झालेली, शेपटा कमरेच्या खाली. म्हणाली ताई बॉब करा. आई मागे सोफ्यावर बसलेली, ती म्हणाली अहो नका कापू, एवढे केस कुणाला मिळतात, पुढं लग्नात काय करायचं. मुलगी काही बोलली नाही, आरशात बघत बसली. शेवटी आईच म्हणाली, कापा. आता एवढा मोठा शेपटा कापायचा म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे रबर बांधायचा आणि वरच्या रबराच्या जरा वर कात्री लावायची, पण ती एका झटक्यात कापत नाही हं, दाट केस असले की कात्री आत जाऊन अडकते, कर्र कर्र करत आठ-दहा वेळा चालवावी लागते, आणि मग एकदम तो शेपटा तुमच्या हातात येतो आणि वाटतो त्यापेक्षा जड लागतो. त्या मुलीनं पहिल्यांदा काय केलं, तर हात मानेवर नेला. आरशात नाही बघितलं, मान चाचपली. मी बावीस वर्षं बघतेय, पहिल्यांदा केस आखूड करणारी प्रत्येक बाई आधी मान चाचपते.

तर शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, फ्रान्समध्ये लाखो पोरींनी अशी मान चाचपलीय, आणि त्यांच्यामागे सोफ्यावर बसून शेवटी कापा म्हणणारी आई बहुतेकींना नव्हती. घरात रडारड, चर्चमधून उपदेश, वर्तमानपत्रात अग्रलेख, नवऱ्याची भांडणं, नोकरीवर साहेबाचे डोळे. तरी कापले.

फ्लॅपर म्हणजे कोण? तर साधारण १९२० ते १९२९ या दशकातली तरुण मुलगी, केस कानापर्यंत कापलेले, कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी ती कडक चोळी, काढून टाकलेलं, स्कर्ट आधी पोटरीपर्यंत आणि मग १९२६-२७ पर्यंत गुडघ्यापर्यंत आलेला, ओठ लाल, रात्री नाचायला जाणार, जमलं तर स्वतः गाडी चालवणार. शब्द इंग्लंडचा आणि या दशकाच्या आधीचा, तो कुठून आला याच्या दोन-तीन कथा आहेत, कुणी म्हणतं पंख फडफडवणारं पाखराचं पिल्लू, पण मला आवडते ती दुसरी, की ज्या वयाच्या मुलीचा अजून अंबाडा घातला जात नाही आणि वेणी पाठीवर आपटत असते ती फ्लॅपर. म्हणजे शब्दातसुद्धा आधी वेणीच होती आणि ज्यांनी ती वेणी कापली त्यांनाच पुढं तो शब्द चिकटला!

हे अचानक कसं झालं असं विचाराल, तर अचानक नाही झालं. १९१४ ते १९१८ पहिलं महायुद्ध, पुरुष आघाडीवर, मग बायका दारूगोळ्याच्या कारखान्यात, ट्रामवर कंडक्टर, ऑफिसात. पुरुष परत आल्यावर यातल्या कितीतरी जणींना घरी जा म्हणून सांगितलं, पण टाईपरायटर, टेलिफोन एक्स्चेंज, मोठ्या दुकानांचे काउंटर, तिथं मुलीच लागायच्या, आणि आठवड्याला पगाराचं पाकीट हातात यायचं. इंग्लंडमध्ये १९१८ साली तीस वर्षांवरच्या बायकांना मत मिळालं आणि तेही घर-मालमत्तेची अट घालून, एकविसाव्या वर्षापासून सगळ्यांना मिळायला १९२८ उजाडलं, आणि तिथल्या पेपरांनी त्याला नाव काय दिलं तर फ्लॅपर व्होट, म्हणजे या नाचऱ्या पोरी आता सरकार निवडणार! अमेरिकेत ऑगस्ट १९२० मध्ये घटनादुरुस्ती होऊन मत मिळालं, पण दक्षिणेतल्या काळ्या बायकांना ते खऱ्या अर्थानं १९६५ च्या कायद्यानंतरच वापरता आलं, हे विसरून चालणार नाही.

मला स्वतःला पगाराचं पाकीट जास्त महत्त्वाचं वाटतं. मी पण पहिल्यांदा माझ्या कमाईतून जी वस्तू घेतली ती कात्री होती, चांगली जपानी, आणि ती कुणाला विचारून घेतली नव्हती. त्या पोरींची लिपस्टिक मला तशी वाटते. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत धातूच्या नळीतली लिपस्टिक आली, त्याआधी ओठांचा रंग डबीत असायचा, बोटानं लपून लावायचा. नळी आली आणि ती पर्समध्ये मावायला लागली, मग या मुली हॉटेलात टेबलावर बसून, चारचौघांत, छोटा आरसा काढून ओठ रंगवायच्या. रंगापेक्षा तो आरसा चारचौघांत काढणं याचाच लोकांना जास्त राग यायचा.

आता केसांचं, कारण हा माझा धंदा आहे आणि इथं मी जरा रेंगाळणार.

माझी आजी, तिचे केस गुडघ्याला टेकायचे. तिचा न्हाण्याचा दिवस म्हणजे खरंच अख्खा दिवस जायचा, आदल्या रात्री शिकेकाई-रिठे भिजवायचे, सकाळी बंब पेटवायचा, न्हायचं, मग उन्हात पाठ करून बसायचं, मग उदाच्या धुरीवर केस धरायचे, संध्याकाळी विंचरून गुंता काढायला दुसरं कुणीतरी लागायचं. तिकडच्या बायकांचंही वेगळं नव्हतं, धुवायला वाळवायला तास न तास, मग पिना, आत भरायला खोट्या केसांची गुंडाळी, आपल्याकडे गंगावन असतं तसं, आणि वर टोपी पिनांनी टोचून. सकाळी आठला ऑफिस गाठायचं तर हे कसं जमणार? म्हणजे केस कापण्यात बंड होतंच, पण त्यात वेळही होता, रोजचा तास-दीड तास, आणि तो वेळ आता तिचा स्वतःचा होता.

पॅरिसमध्ये आँत्वान नावाचा एक पोलिश केशकर्तनकार होता, त्यानं १९०९ सालीच जोन ऑफ आर्क या फ्रान्सच्या जुन्या वीरकन्येच्या चित्रांवरून आखूड बॉब काढला होता, आणि अमेरिकेत आयरीन कॅसल या नर्तिकेनं १९१५ च्या सुमारास केस कापले तेव्हा तिची नक्कल सुरू झाली होती. पण लाट आली ती युद्धानंतर, आणि अडचण अशी की बायकांच्या हेअरड्रेसरना कापायला येतच नव्हतं! त्यांचं सगळं कसब केस वर चढवण्यात, कुरळे करण्यात, पिना खोचण्यात. मग या मुली कुठं गेल्या, तर सरळ पुरुषांच्या न्हाव्याकडे, बार्बर शॉपमध्ये, जिथं पुरुष दाढी करायला बसलेत, सिगारेटचा धूर, तिथं जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. जरा डोळ्यासमोर आणा, आज २०-२५ वर्षांची मुलगी आपल्या बाजारपेठेतल्या जेंट्स सलूनमध्ये एकटी शिरली तर काय होईल, आणि हे शंभर वर्षांपूर्वीचं. पुढं शिंगल आला, त्यात मागचे केस मानेवर पार बारीक उतरवायचे, मग ईटन क्रॉप, तो तर जवळजवळ मुलासारखाच. शिंगल करताना मानेवरचा उतार नीट यायला हात फार हलका लागतो, मी अजून एखाद्या मुलीचा करते तेव्हा दहा वेळा मागे सरून बघते.

या केसांवरून नोकऱ्या गेल्यात. दुकानांनी काउंटरवरच्या मुलींना केस वाढेपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलंय.

आणि केसांवर थांबलं नाही, कपडे मोजायची टेपही आली. एक फोटो आहे, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलाय, नेटवर कुणालाही बघता येतो, जरूर बघा. १९२२ साल, वॉशिंग्टनमध्ये टायडल बेसिन म्हणून पाण्याची जागा आहे तिथला पोहण्याचा किनारा. नियम निघालेला की बायकांचा पोहण्याचा पोशाख गुडघ्याच्या वर सहा इंचांपेक्षा जास्त नको. तर गणवेशातला माणूस वाकलाय आणि उभ्या असलेल्या मुलीच्या मांडीवर मोजपट्टी धरून मोजतोय. भर दिवसा, सगळ्यांसमोर. मी हा फोटो मोबाईलवर मोठा करून करून बघितलाय, माझी नजर त्याच्या हाताकडे जात नाही, तिच्या चेहऱ्याकडे जाते. ती पळून गेली नाही, पदर शोधत नाही, उभी आहे. काय मोजायचंय ते मोज आणि मला पाण्यात जाऊ दे, असं मला तरी त्या उभं राहण्यात दिसतं.

पाण्यावरून ट्रूडी आठवली. गर्ट्रूड एडर्ली, न्यूयॉर्कच्या एका जर्मन खाटकाची मुलगी, केस बॉब केलेले, लहानपणी गोवर झाल्यापासून कानाला कमी ऐकू यायचं. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पोहण्यात एक सुवर्ण आणि दोन कांस्य. मग तिनं ठरवलं इंग्लंड आणि फ्रान्समधली इंग्लिश खाडी पोहायची. तोवर फक्त पाच पुरुष ते करू शकले होते, बाई एकही नाही. १९२५ मध्ये तिनं प्रयत्न केला आणि मधेच तिला पाण्यातून बाहेर काढलं, ती म्हणत राहिली की मला काही झालं नव्हतं, मी पोहू शकत होते. लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

पुढच्या वर्षी परत आली. पोहायचा जो पोशाख असायचा तो पाणी भरून जड व्हायचा, काचायचा, तर तिनं आणि तिच्या बहिणीनं मिळून दोन तुकड्यांचा पोशाख स्वतः बेतला, गॉगलच्या कडांमधून पाणी शिरू नये म्हणून त्या मेणानं बंद केल्या, अंगाला चरबीचे थर फासले. ६ ऑगस्ट १९२६ ला सकाळी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरली. दुपारनंतर समुद्र खवळला, पाऊस, बोटीवरचे लोक घाबरले आणि ओरडायला लागले की बाहेर ये, तर तिनं पाण्यातून विचारलं, कशाला? आणि पोहत राहिली. रात्री इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली तेव्हा साडेचौदा तास झाले होते, तोवरच्या सगळ्यात वेगवान पुरुषापेक्षा जवळजवळ दोन तास कमी. वीस वर्षांची होती. वडिलांनी कबूल केलेलं की पार केलीस तर लाल गाडी घेऊन देईन, ती त्यांनी दिली. न्यूयॉर्कमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले तिच्या मिरवणुकीला. नंतर तिचं ऐकू येणं फार कमी झालं आणि तिनं पुढं बहिऱ्या मुलांना पोहायला शिकवलं. २००३ पर्यंत जगली, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन गेली.

आता माझी सगळ्यात लाडकी. बेसी कोलमन. तिला त्या काळात फ्लॅपर कुणी म्हटलं नसेल, कारण तो शब्द गोऱ्या पोरींसाठी राखलेला होता आणि बेसी काळी होती, पण मी म्हणते, कारण हिच्यापेक्षा धीट बाई मला त्या दशकात सापडत नाही.

१८९२ चा जन्म, टेक्सासमधल्या अटलांटा नावाच्या गावात, तेरा भावंडांतली दहावी, आईवडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्यानं कापूस पिकवणारे. शाळेला चार मैल चालत. १९१५ मध्ये शिकागोला भावाकडे आली आणि काय काम धरलं, तर मॅनिक्युअरिस्ट, बार्बर शॉपमध्ये बसून गिऱ्हाइकांची नखं करायची! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं आणि माझ्या पार्लरमधल्या त्या छोट्या स्टुलाकडे बघितलं, जिथं माझी मुलगी, म्हणजे माझ्याकडे कामाला असलेली, बसून नखं करते. नखं करणारी बाई कायम खाली बसलेली असते, गिऱ्हाईक वर. आणि तिच्या डोक्यावरून गप्पा चालतात. बेसीच्या डोक्यावरून युद्धावरून परतलेल्या लोकांच्या गप्पा चालायच्या, विमानांच्या. तिचा एक भाऊ फ्रान्समध्ये लढून आलेला, तो तिला चिडवायचा की तिकडं फ्रान्सच्या बायका विमान उडवतात, तुम्हाला काय येतंय.

झालं. हिनं ठरवलं उडवायचं. अमेरिकेत एकही विमानशाळा काळ्या बाईला घेईना. तर शिकागोच्या डिफेंडर या काळ्यांच्या मोठ्या पेपरचे संपादक रॉबर्ट अ‍ॅबट म्हणाले, फ्रान्सला जा. मग हिनं काय केलं, फ्रेंचचे क्लास लावले, नखं करून पैसे साठवले, थोडी मदत मिळाली, आणि नोव्हेंबर १९२० मध्ये बोटीनं निघाली. तिथं शिकायची विमानं म्हणजे लाकूड, तारा आणि कापड, अपघातात सोबत शिकणारा विद्यार्थी गेलेला हिनं बघितला. १५ जून १९२१ ला आंतरराष्ट्रीय लायसन्स मिळालं. अमेलिया एअरहार्ट ही वैमानिक सगळ्यांना माहीत असते, पाठ्यपुस्तकात असते, तिला हेच लायसन्स १९२३ मध्ये मिळालं, बेसीला तिच्या दोन वर्षं आधी.

परत येऊन विमानाच्या कसरती करायची, गर्दी लोटायची. पण एक अट, गोऱ्यांना एक गेट आणि काळ्यांना मागचं दुसरं गेट असेल तर मी उडणार नाही. टेक्सासमध्ये, जिथं ती वाढली होती तिथंच, तिनं हे आयोजकांकडून कबूल करून घेतलं की गेट एकच राहील. पैशाची कायम ओढाताण असताना, जुनी विमानं वापरत असताना. तिला काळ्या मुलामुलींसाठी विमानशाळा काढायची होती, त्यासाठी हे सगळं. ३० एप्रिल १९२६ ला जॅक्सनविलमध्ये, दुसऱ्या दिवशीच्या खेळासाठी पॅराशूटनं कुठं उतरायचं ते बघत होती, विमान तिचा मेकॅनिक चालवत होता, नीट वाकून खाली दिसावं म्हणून तिनं पट्टा बांधला नव्हता, विमान उलटं झालं आणि ती बाहेर फेकली गेली. विमान कोसळून तोही गेला. यंत्रात एक पाना अडकलेला सापडला. चौतीस वर्षांची होती.

(इथं मी जरा थांबले होते, रेकॉर्डिंगमध्ये पाणी पितानाचा आवाज आहे.)

धीट म्हटलं की आपल्याला नाचणं, सिगारेट, पार्ट्या एवढंच आठवतं. सिगारेटचं तर सांगूनच टाकते. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर मिरवणुकीत मुली सिगारेट ओढत चालल्या आणि पेपरांत आलं की या स्वातंत्र्याच्या मशाली आहेत. ते सगळं एका तंबाखू कंपनीसाठी एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धीवाल्यानं जमवून आणलेलं होतं. मला राग त्या मुलींचा येत नाही, त्यांना ते खरंच वाटलं असणार, राग येतो तो दुसऱ्याची हिंमत बाटलीत भरून विकणाऱ्यांचा. माझ्या धंद्यातही रोज एक सेल्समन येतो आणि कुठल्यातरी क्रीमला आत्मविश्वास म्हणतो.

पण धीटपणा कोर्टातही असतो हे मला न्यू जर्सीच्या पोरींनी शिकवलं. ऑरेंज या गावात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा, म्हणजे घातक किरणं सोडणाऱ्या धातूचा, चमकणारा रंग लावायचा कारखाना होता, कामाला सगळ्या तरुण मुली, काहीजणी तर चौदा-पंधरा वर्षांच्या, पैसे नगावर, म्हणून हात झपाझप. आकडे बारीक काढायचे तर कुंचल्याला टोक हवं, आणि टोक कसं करायचं हे त्यांना शिकवलेलं, ओठांनी. ओठात घ्या, टोक करा, रंगात बुडवा, आकडा काढा, परत ओठात. विचारलं तर सांगितलं काही होत नाही. आणि कारखान्यातले रसायनतज्ज्ञ स्वतः मात्र शिशाच्या आडोशामागून काम करायचे.

या नाचायला जाणाऱ्या पोरी होत्या हो. अंगावरचे कपडे अंधारात चमकायचे म्हणून चांगला फ्रॉक कामावरच घालून यायच्या, म्हणजे रात्री नाचताना तो चमकेल. नखांना तो रंग लावायच्या. मी रोज नखांना रंग लावते किंवा लावून घेते, आणि हे वाचल्यापासून नेलपेंटची बाटली उघडताना एकदा तरी त्यांची आठवण येतेच.

मग दात पडायला लागले, जबड्याचं हाड झिजायला लागलं, पाठीचे मणके खचले. ग्रेस फ्रायर म्हणून एक होती, अठराव्या वर्षी तिथं लागलेली, नंतर बँकेत नोकरीला, तिला केस घेणारा वकील मिळायलाच दोन वर्षं लागली. १९२७ मध्ये तिनं आणि आणखी चौघींनी दावा लावला. कोर्टात आल्या तेव्हा शपथेसाठी हात वर करता येत नव्हता काहींना. कंपनी म्हणायची मुदत उलटून गेली, तारखा पुढं ढकला, वाट कसली बघायची तर यांच्या मरणाची. १९२८ मध्ये तडजोड झाली, प्रत्येकीला दहा हजार डॉलर, वर्षाला सहाशे आणि औषधपाण्याचा खर्च. त्या फार जगल्या नाहीत, ग्रेस १९३३ मध्ये गेली. पण अमेरिकेत कामाच्या जागी होणाऱ्या आजारांची जबाबदारी मालकावर टाकणाऱ्या नियमांमागे या पोरींचं नाव आहे.

सिनेमातल्या बायकांवर मी फार वेळ घालवणार नाही, त्यांचे फोटो सगळीकडे आहेत. क्लारा बो, ब्रुकलिनच्या चाळीतली पोर, आई मनानं आजारी, एका रात्री मुलीच्या गळ्याशी सुरी घेऊन उभी राहिलेली, त्या घरातून १६ व्या वर्षी एका मासिकाची स्पर्धा जिंकून ही बाहेर पडली आणि पडद्यावर असं हसली की सगळा देश वेडा झाला. लुईस ब्रुक्स, तो काळाभोर चकचकीत बॉब तिचाच, १९२८ मध्ये स्टुडिओनं कबूल केलेली पगारवाढ नाकारली तर सरळ सोडून बर्लिनला गेली, आणि परत बोलावलं तर आली नाही. त्याची किंमत मोजली, पुढं न्यूयॉर्कच्या एका दुकानात सेल्सगर्ल होती, आणि म्हातारपणी सिनेमावर इतकं सुंदर लिहिलं की लोक आजही वाचतात. आणि जोसेफीन बेकर, सेंट लुईसची, आठव्या वर्षी लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी, १९२५ मध्ये पॅरिसच्या स्टेजवर आली. तेल लावल्यासारखे चप्प बसवलेले केस, कपाळावर एक वळलेली बट, आणि तशा केसांसाठी बेकरफिक्स नावाचं पोमेड, म्हणजे केस चापून बसवायचं मलम, तिच्या नावावर विकलं जायचं. दुसऱ्या महायुद्धात तिनं फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी हेरगिरी केली, गाण्याच्या नोटेशनच्या कागदांवर अदृश्य शाईनं माहिती लिहून सीमेपार न्यायची. २०२१ मध्ये फ्रान्सनं तिला पॅरिसच्या पँथिऑन या स्मारकात जागा दिली, देशातल्या सगळ्यात थोर लोकांसोबत.

आता तुम्ही म्हणाल आपल्याकडे काय. आपल्याकडे केस कापण्याचा अर्थच उलटा होता. तिकडच्या पोरीनं केस कापले तर ती स्वतःच्या मर्जीनं न्हाव्याच्या दुकानात चालत गेली. आपल्याकडे न्हावी घरी बोलावला जायचा, नवरा मेलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला मागच्या पडवीत बसवायचं आणि वस्तरा फिरवायचा. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक बांधवांनी सांगितलं की आम्ही हे केशवपन करणार नाही, संप केला. आमच्या धंद्यातल्या लोकांनी केलेलं हे काम, मला त्याचा फार अभिमान आहे, आणि पार्लरच्या भिंतीवर त्या संपाबद्दल चार ओळी लिहून लावल्यात.

म्हणून बडोद्याच्या इंदिराराजे मला फार आवडतात. सयाजीरावांची मुलगी, जन्म १८९२ चा, म्हणजे बेसीच्याच वर्षाची. लग्न ठरलं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी, वयानं बरेच मोठे, आधीचं एक लग्न झालेलं. हिला कूचबिहारचे राजकुमार जितेंद्र आवडले होते. तर हिनं स्वतः पत्र लिहिलं ग्वाल्हेरला की मी लग्न करणार नाही! घरात कुणाला न सांगता. तयारी चाललेली, आणि ग्वाल्हेरहून तार आली तेव्हा आईवडिलांना कळलं. १९१३ मध्ये लंडनला जाऊन जितेंद्रांशीच लग्न केलं. १९२२ च्या डिसेंबरात ते वारले, ही तीस वर्षांची, पाच मुलं पदरात, संस्थानाचा कारभार अंगावर. आणि विधवा म्हणून पांढरं नेसायचं तर तिनं फ्रान्समधून तलम शिफॉन आणून त्याच्या साड्या नेसल्या. आज तुमच्या कपाटात शिफॉनची साडी असेल तर तिची सुरुवात हिच्यापासून मानतात.

आणि पुण्याची रुबी मायर्स. पडद्यावरचं नाव सुलोचना. आपल्या सुलोचनादीदी नव्हेत, त्या नंतरच्या. ही १९०७ ची, बगदादी ज्यू घरातली, आणि काम काय करायची तर टेलिफोन ऑपरेटर, म्हणजे तिकडच्या फ्लॅपर पोरी करायच्या तेच! दिग्दर्शक मोहन भवनानींनी कोहिनूर कंपनीसाठी सिनेमात बोलावलं तेव्हा आधी नाही म्हणाली, कारण चांगल्या घरच्या बायका सिनेमात जात नव्हत्या. मग गेली. १९२६ मध्ये तिचे दोन सिनेमे आले, टाईपिस्ट गर्ल आणि टेलिफोन गर्ल, नावंच बघा, पगार मिळवणाऱ्या पोरींवर. १९२७ च्या वाइल्डकॅट ऑफ बॉम्बेमध्ये तिनं आठ भूमिका केल्या, त्यात माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, म्हणजे बाईनं पुरुष व्हायचं. बोलपट आले आणि हिंदुस्थानी येईना तर एक वर्ष बाजूला बसून भाषा शिकली आणि परत आली. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला.

त्याच १९७३ सालची अजून एक गोष्ट, ही खास माझ्या धंद्यातली. शिकागोत मार्जरी जॉयनर नावाची काळी ब्युटिशियन होती. पर्म करायला, म्हणजे केस टिकाऊ कुरळे करायला, केस एकेक करून तापल्या चिमट्यात धरावे लागायचे, तासन् तास. स्वयंपाकघरात मांस भाजताना आत खुपसायच्या सळया बघून तिच्या डोक्यात आलं की असेच अनेक रॉड वरून तारांनी टांगले तर सगळं डोकं एकदम होईल. वर टोप, त्यातून लोंबणाऱ्या तारा, असं यंत्र तिनं केलं आणि १९२८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पेटंटचे हक्क ती ज्या कंपनीत कामाला होती तिच्याकडे गेले, हिला त्याचे पैसे मिळाले नाहीत. पुढं तिनं हजारो मुलींना हे काम शिकवलं, आणि १९७३ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, कॉलेजची पदवी घेतली.

हो, मागून विचारतायत शेपटा कापलेल्या त्या मुलीचं पुढं काय झालं. परवाच येऊन गेली. मागचे केस वाढून कॉलरला लागत होते, म्हणाली ताई मान दिसली पाहिजे. आई सोबत होती. आईनं विचारलं, माझ्या चेहऱ्याला बरा दिसेल का हो? मी म्हटलं, बसा, बघू.